अकरा वर्षांची थाप

वखारकाकू थाप मारतील, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी वस्तीत कुणाला पटलं नसतं. बाई सरळ. इतकी सरळ, की समोरच्याला त्रास व्हावा. शेजारच्या शिवणवालीने हौसेने नवा पडदा दाखवला, तर "डावीकडे बोटभर तोकडा झालाय" हे आधी आणि "रंग मात्र छान हो" हे नंतर. सत्तावीस वर्षं लाकडाच्या वखारीत नोकरी केली. करवतीवरून उतरलेली फळी बघायची, तिच्यातली गाठ, चीर, कीड हेरायची आणि खडूने खूण करायची: ही दारांना, ही खोक्यांना, ही जळणात. मालकाचा मेहुणा एकदा म्हणाला, "काकू, ही चिरलेली टाका ना दारांत. गिऱ्हाइकाला काय कळतंय?" काकूंनी खडू त्याच्या हातात दिला. "तुम्हीच करा खूण. माझ्या हाताला सवय नाही." त्यानंतर मेहुणा त्या बाजूला फिरकायचाच बंद झाला.

अशा बाईने उभ्या जन्मात एकच थाप मारली, आणि एक्केचाळीस घरं तिच्याखाली आली. आता थाप कुणाची आणि पाप कुणाचं, ते तुम्हीच ठरवा. माझं डोकं त्यावर अजून तापतं, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

वस्ती होती कारखान्याची भिंत आणि नाला यांच्यामधल्या पट्टीत. कारखान्याला माणसं हवी होती तेव्हा त्यांनीच ती तिथे बसवली. जागा कुणाची, हे त्या वेळी कुणाच्या बापाने विचारलं नाही. नाल्याकाठी सिमेंटचं गोदाम होतं. वारा सुटला की करड्या पिठासारखी धूळ घराघरात शिरायची. पाण्याच्या हंड्यावर साय धरायची, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागायचे. काकूंचे यजमान त्याच गोदामात पोती उचलायचे. त्यांना सगळे काका म्हणत. तिसऱ्या वर्षीच त्यांची छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाला, "स्वच्छ हवेत राहा." काका म्हणाले, "चिठ्ठीवर लिहून द्या, कुठल्या दुकानात मिळते ते."

काकू मात्र ते ऐकून गप्प बसल्या नाहीत. वखारीत लांबून ओंडके येत. त्यांच्या सालीच्या फटीत कधीमधी बी अडकलेलं असायचं. ते भुश्शाच्या ढिगात पडून ओलीने रुजायचं आणि झाडणाऱ्याच्या खराट्याखाली मरायचं. काकूंनी ती रोपं उचलली, तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि वर्षभराने नाल्याच्या काठाने ओळीत नेऊन पुरली. त्रेसष्ट रोपं. लोक हसले. शिवणवाली तर म्हणाली, "अगं, इथे माणसांच्या घशाला कोरड आणि तू काठ्यांना पाणी पाजतेस?"

"प्यायचं नका देऊ. भांडी-कपड्यांचं शेवटचं पाणी द्या. तसंही नाल्यातच ओतता ना?"

प्रत्येक घराला एक झाड, मोठ्या घराला दोन. कुणी विसरलं की काकू संध्याकाळी दारात हजर. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसत्या उभ्या राहायच्या. त्यापेक्षा पाणी घातलेलं परवडलं, असं लोक म्हणायचे. दहा-बारा वर्षांत झाडांच्या फांद्या एकमेकांत गेल्या आणि धूळ पलीकडेच अडायला लागली. हंड्यावरची साय गेली. काकांची छाती बरी झाली नाही, पण दारातल्या झाडाखाली खुर्ची टाकून ते तासन्‌तास बसू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करण्याइतका दम त्यांना पुरू लागला.

मग नाल्यापलीकडे उंच इमारती उठल्या. जाहिरातीत लिहिलं होतं, 'हिरवाईच्या कुशीत'. ती हिरवाई कुणाच्या भांड्यांच्या पाण्यावर वाढली, हे कुठे बारीक अक्षरातसुद्धा नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

आणि त्यापाठोपाठ रस्ता आला. म्हणजे रस्त्याचा नकाशा आला. इमारतींतल्या गाड्यांना वाट हवी म्हणून झाडांच्या ओळीवरूनच लाल रेघ ओढलेली. त्याच दिवसांत एक मुलगी वस्तीत आली. झाडं वाचवणाऱ्या संस्थेची. हातात फीत, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी. शहरातली सगळी झाडं मोजून त्यांची नोंदवही करायचं काम तिच्याकडे होतं. झाडवाली ताई. उन्हाने लाल झालेली, तहानलेली. काकूंनी पाणी दिलं, मग चहा दिला. पहिल्या दिवशी "तुम्ही बसा ताई", तिसऱ्या दिवशी "अगं बस ना गं". काकांनी तर आपली खुर्चीच तिला दिली, आणि ती ते सहसा कुणाला देत नसत.

महिनाभर ताई रोज आली. एकेका झाडाचा घेर मोजायचा, पत्र्याचा क्रमांक ठोकायचा, वहीत लिहायचं. काकू कामावरून आल्या की तिच्यासोबत फिरायच्या. कुठलं झाड कुणाच्या घराचं, कुठल्याला कीड लागली होती, कुठलं वादळात वाकलं आणि दोराने बांधून सरळ केलं, सगळं सांगायच्या. ताई ऐकायची, मोबाइलवर फोटो काढायची. एकदा तर डोळे पुसत म्हणाली, "काकू, पुस्तकात वाचलं ते सगळं एकीकडे आणि तुम्ही एकीकडे."

एके दिवशी ती वही मिटून बसली. "काकू, एक नियम आहे. झाड पंचवीस वर्षांच्या वरचं असेल तर ते रस्त्यासाठी तोडता येत नाही. रस्ताच सरकवावा लागतो." तिने विचारलं, "ही किती वर्षांची?"

"एकोणीस," काकू म्हणाल्या. त्यांना दिवसासकट पाठ होतं.

ताई वहीतल्या रिकाम्या रकान्यावर पेन धरून बसली. मग हळूच म्हणाली, "घेरावरून नक्की सांगता येत नाही म्हणा. रहिवासी सांगतात तेच आम्ही धरतो. तुम्ही सांगाल ते लिहीन मी."

काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चिरलेल्या फळीवर दाराची खूण करायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांनी ओळीकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "तीस लिही," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांनी तेच सांगायला हवं," ताई म्हणाली.

मग काय! काकूंनी घरोघर जाऊन तालीमच घेतली. कुणी विचारलं तर काय सांगायचं? तीस. किती? तीस! तपासणीला इंजिनिअर आला तेव्हा सगळी वस्ती शाळेतल्या पोरांसारखी एका सुरात बोलली. एका म्हाताऱ्या गवंड्याला एवढा चेव चढला, की तो म्हणाला, "तीस कसले साहेब, चाळीस! माझ्या आज्याने बघितलीत." काकूंनी त्याला असा चिमटा काढला, की तो चार दिवस दंड चोळत होता. पण जमलं. रस्ता सरकला. त्या दिवशी ताईने काकूंना मिठी मारली आणि झाडाला टेकलेल्या काकूंचा एक फोटो काढला. सगळे हसत होते. थाप पचली म्हणून आपण फार हुशार झालो, असं सगळ्यांना वाटत होतं.

झाडं तीस वर्षांची आणि घरं बावीस वर्षांची. ही साधी वजाबाकी एक्केचाळीस घरांत एकानेही केली नाही. काकूंनीही नाही, ज्या दिवसाला शंभर फळ्या मोजायच्या.

दुसऱ्यांनी ती केली. दोन वर्षांनी नोटीस आली. नाल्याकाठची जुनी वृक्षराजी आता संरक्षित हरित पट्टा आहे, आणि तीत नंतर शिरलेल्या एक्केचाळीस बांधकामांचं अतिक्रमण हटवण्यात येईल. घरं झाडांच्या आधीची असती तर हक्क होता, तिथेच राहता आलं असतं. झाडांनंतरची, म्हणून ना हक्क, ना दुसरी जागा. झाडांखालून इमारतीतल्या लोकांना सकाळी पळायला वाट होणार होती. नोटिशीला ताईच्या संस्थेचा अहवाल जोडलेला, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर काकूंचा तोच फोटो. मागची घरं तेवढी कापलेली.

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते ह्या झाडांच्या कपाळी असं लिहिलं गेलं. वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं. गवंडी दारात येऊन म्हणाला, "काकू, तीस म्हणायला तुम्हीच लावलंत." काकूंनी मान खाली घातली. पण त्यांच्या मनात भीती नव्हती अजून. खरं काय ते ताईला माहीत होतं ना! तिने एक शब्द बोलायचा, की मिटलं.

काकू ताईच्या ऑफिसात गेल्या. गार खोली, खिडकीत कुंड्या, भिंतीवर त्रेसष्ट झाडांचा मोठा फोटो. ताईने हात धरून बसवलं. "काकू, मला नोटिशीचं आधी कळलंच नाही हो. अहवाल आमचा, पण त्यांनी तो असा वापरला. तुम्ही काळजी करू नका. सुनावणीला मी येते. सांगते सगळं. मी आहे ना!"

"मी आहे ना" हे तीन शब्द घेऊन काकू घरी आल्या आणि सगळ्यांना वाटून टाकले. त्या रात्री वस्ती झोपली.

सुनावणीला काकूंनी चोवीस वर्षांची विजेची बिलं नेली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ती शांतपणे बघितली. "मान्य. घरं चोवीस वर्षांची. पण झाडं नोंदीप्रमाणे बत्तीसची. मग आधी कोण?"

"साहेब, ते तीस मीच सांगितलं होतं. थाप होती ती. झाडं मी लावलीत, ह्या हातांनी, एकवीस वर्षांपूर्वी."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. "बाई, तेव्हा झाडं वाचवायला खोटं बोललात म्हणता. मग आज घर वाचवायला खोटं बोलत नाही, हे मी कशावरून धरू?"

काकूंनी ताईकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

ताई उठली. ओळखपत्राची दोरी तिने बोटाला गुंडाळली होती. "नोंदीत जे आहे ते रहिवाशांनीच सांगितलेलं आहे," ती म्हणाली. "त्यापेक्षा वेगळं मी काही सांगू शकत नाही."

आणि खाली बसली.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते काकूंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. रक्त नाही, आवाज नाही, कापणाऱ्याच्या कपड्यावर डागसुद्धा नाही. बाहेर व्हरांड्यात ताईने त्यांना गाठलं. ती खरंच रडत होती. "काकू, समजून घ्या. एक नोंद खोटी निघाली, तर सगळी वहीच खोटी ठरेल. सगळ्या शहरातली झाडं आहेत त्यात. बिल्डर टपून बसलेत. नुसती त्रेसष्ट नाहीत हो, अकरा हजार आहेत!"

"आणि घरं एक्केचाळीस," काकू म्हणाल्या. "कमी पडली गं आमची."

साहेबांनी शुक्रवारची तारीख दिली होती. पुरावा असेल तर आणा, म्हणाले होते.

झाडाच्या वयाचा पुरावा कुठे असतो, हे वखारीत सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. तो झाडाच्या पोटात असतो. दर वर्षाचं एक वलय. आणि ते बघायचं तर एकच रस्ता.

शुक्रवारी पहाटे उजाडता उजाडता काकूंनी वखारीतून आणलेली मोठी करवत दाराला टेकवली. बाहेर बायका जमल्या होत्या. कुठलं झाड, हे कुणी विचारलं नाही. काका खुर्चीतून उठले. "हेच घे. दुसऱ्याच्या दारातलं घेतलंस तर भांडणं लागतील."

"आणि तुम्ही बसाल कुठे?"

"आठ दिवसांनी कुठे बसणार आहे, ते तरी कुठे माहितेय?" त्यांनी खुर्ची स्वतःच ओढत बाजूला नेली. दोन पावलांत धाप लागली.

करवतीचं एक टोक काकूंनी धरलं, दुसरं शिवणवालीने. पाऊण तास लागला. ओलं लाकूड करवतीला धरून ठेवत होतं. काकू मध्येच थांबल्या, खोडाला कपाळ टेकलं आणि मोठ्याने रडल्या. लाजल्या नाहीत. एकवीस वर्षं त्यांनी त्याला पाणी घातलं होतं. पोटच्या पोराला तरी एवढी वर्षं कुठे कुणी पाणी पाजतं! मग डोळे पुसले आणि करवत पुन्हा धरली. झाड पडलं तेव्हा नाल्यापलीकडच्या गॅलऱ्यांतून लोक ओरडायला लागले, फोन कानाला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना ही वस्ती दिसली असावी.

बुंध्याची चकती कापडात गुंडाळून काकूंनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. खबर आधीच पोचली होती. ताईही पोचली होती, पांढरीफटक. "काकू, तुम्ही झाड तोडलंत? तुम्ही?"

काकूंनी तिच्याकडे बघितलं नाही. "मोजा साहेब," त्या म्हणाल्या. "मी नाही मोजत. माझं खोटं असतं."

साहेबांनी चष्मा पुसला, वाकले आणि पेन्सिलीचं टोक मध्यापासून बाहेर सरकवू लागले. एके ठिकाणी ते अडले. तिथे तीन वलयं एकमेकांना चिकटली होती.

"कारखान्याने नाल्यात रंगाचं पाणी सोडलं होतं ती वर्षं," काकू म्हणाल्या. "निम्मी झाडं पिवळी पडली होती. आम्हीही पडलो होतो."

साहेब पुढे गेले. सालीपाशी येऊन थांबले. पुन्हा एकदा मोजलं. "एकवीस," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

दाराशी उभ्या असलेल्या बायकांच्या छातीतून एकदम श्वास सुटला. काकू टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. झालं. खरं वय निघालं एकदाचं.

पण संरक्षित पट्ट्यातलं झाड तोडणं हा गुन्हा होता, त्याचा पंचनामा आधी व्हायचा होता. कारकुनाने छापील कागद पुढे ओढला. कुणी तोडलं, कुठे, केव्हा, भराभर लिहिलं. पुढचा रकाना वयाचा. त्याने चकतीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि पेन टेकवलं. 'एकवीस' लिहिलं असतं, तर सरकारी कागदावर सरकारी अक्षरात झाडाचं खरं वय आलं असतं. काकूंना ते कळलं. ताईलाही कळलं.

"वय नोंदवहीप्रमाणे लिहायचं असतं," ताई म्हणाली. अगदी मऊ आवाजात. "वलयांवरून काही खात्रीने सांगता येत नाही. एखाद्या वर्षी उमटतच नाही वलय. आणि नोंद बदलायची तर त्याची पद्धत वेगळी आहे."

साहेब खुर्चीत मागे टेकले. एखादं ओझं दुसऱ्याने उचललं की माणूस टेकतो, तसे. "नोंदीप्रमाणे लिहा," ते कारकुनाला म्हणाले.

कारकुनाने वही उघडली, क्रमांक शोधला. तीस. दोन वर्षांपूर्वीची नोंद, म्हणून इमानदारीत त्यात दोन मिळवले आणि लिहिलं: बत्तीस. मग कागद काकूंकडे सरकवला. "सही करा. दंडाची पावती खिडकीवर मिळेल."

"बत्तीस वर्षांचं झाड मी तोडलेलं नाही," काकू म्हणाल्या. "एकवीस वर्षांचं तोडलंय. तेवढं लिहा, मग हवा तो दंड करा, तुरुंगात घाला. मी सही करते."

ताई जवळ आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, नका ना असं करू. सही करा आणि मोकळ्या व्हा. दंड मी भरते. सगळा भरते."

काकूंनी तो हात उचलून हळूच बाजूला केला.

"भराल हो. तुमचं मन मोठं आहे, तुम्ही भरालच," त्या म्हणाल्या. "पण बाई, इथे खाली साक्षीदाराची जागा रिकामी आहे. हे झाड बत्तीस वर्षांचं होतं म्हणून तुम्ही सही करून दाखवा. माझ्या डोळ्यांसमोर करा."

ताईने साहेबांकडे बघितलं. चकतीकडे बघितलं नाही. मग पेन घेतलं, कागदावर वाकली आणि सही केली. सुवाच्य, पूर्ण नावानिशी, खाली तारीख.

काकूंनी शाई वाळेपर्यंत ती सही बघितली. मग त्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "चला, घरचे पत्रे उतरवायला घ्या."